एक जूनचा खांब

(युवा शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं की सरांचा जन्म १ जून १९६४ चा. हे खोटं आहे. म्हणजे ओळख करून देणाऱ्याची चूक नाही, माझ्या आधारकार्डावर, पासपोर्टवर, पेन्शनच्या कागदांवर हीच तारीख आहे. माझ्या थोरल्या भावाचा वाढदिवसही १ जून आणि आपाचाही १ जून. आमच्या अम्मीने तीन बाळंतपणं एकाच तारखेला केली असतील यावर माझा विश्वास नाही.

इथे कुणाकुणाच्या अब्बांचा, दादाजींचा, नानांचा वाढदिवस १ जून आहे? हात वर करा जरा. आता मागे वळून बघा किती हात आहेत ते.

कारण तुम्हाला माहीत असेल. त्या काळात आपल्या खेड्यापाड्यांत जन्माची नोंद फारशी कुणी करत नसे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन गुरुजींसमोर उभा राहायचा. गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का बघायचे, पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं ठरवायचे आणि जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून टाकायचे. मराठा असो, महार असो, मुसलमान असो, सगळे १ जूनला जन्मले. महाराष्ट्रातला हा एवढा सर्वधर्मसमभाव मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आता अशी कल्पना करा की त्या जुन्या रजिस्टरातल्या हजारभर मुलांच्या जन्मतारखा आपण घेतल्या. खाली आडव्या रेषेवर वर्षाचे ३६५ दिवस मांडले आणि ज्या दिवशी जितकी मुलं जन्मली तितका उंच खांब त्या दिवसावर उभा केला. काय दिसेल? इकडे तिकडे बुटके खांब आणि १ जूनला मिनार. गावाची काही माहिती नसलेल्या माणसाला हे चित्र दाखवलं तर तो काय म्हणेल? इथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काहीतरी विशेष घडत असावं, नऊ महिन्यांनी सगळ्यांना एकदम मुलं होतात! हसू नका. रोज मोबाइलवर येणारे तक्ते आणि आलेख वाचून आपणही असेच निष्कर्ष काढत असतो. त्या मिनारात मुलं आहेत, पण तो मिनार उभा केलाय गुरुजींच्या टाकाने. आकडे वाचायचे म्हणजे ज्यांच्याबद्दल आकडा आहे ती माणसं वाचायची आणि ज्याने तो लिहिला त्याचा हातही वाचायचा.

अशा खांबांच्या चित्राला इंग्रजीत हिस्टोग्राम म्हणतात. नाव दिलं कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने, १८९० च्या दशकात, लंडनमधल्या व्याख्यानांत. आपल्या दहावीच्या पुस्तकात त्याला आयतालेख म्हटलंय. तुम्ही सगळ्यांनी तो काढलाय, चार मार्क मिळवलेत आणि विसरलाय. मी तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, त्यामुळे यात माझाही गुन्हा आहे. काढायला आम्ही शिकवलं, वाचायला शिकवायचं राहून गेलं.

एक फरक आधी सांगतो, कारण त्यात पुष्कळ लोक फसतात. स्तंभालेख वेगळा आणि आयतालेख वेगळा. पुणे, नगर, परभणी, मालेगाव अशा चार ठिकाणांच्या शाळांची संख्या खांबांनी दाखवली तर तो स्तंभालेख. त्यातले खांब तुम्ही पत्त्यांसारखे पिसले, मालेगाव आधी आणि पुणे शेवटी घेतलं, तरी काही बिघडत नाही. आयतालेखात तसं करता येत नाही. तिथे खाली वय असतं, उंची असते, मार्क असतात, पगार असतो. सतराच्या शेजारी अठराच असणार. खांब एकमेकांना चिकटून उभे राहतात, नमाजच्या सफीसारखे, मध्ये फट नाही. आणि जर फट दिसलीच तर ती बातमी असते: त्या जागी कुणीच नाही. का नाही, हे विचारायचं.

आता फळ्याकडे बघा. मी घरून पन्नास चिठ्ठ्या करून आणल्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर एका बाईचं लग्नाच्या वेळचं वय आहे. खरं तर तुम्हालाच विचारणार होतो की तुमच्या अम्मीचं लग्न झालं तेव्हा तिचं वय काय होतं. मग वाटलं, घरातली गोष्ट भरल्या सभेत कशाला विचारायची. म्हणून हे आकडे मी बसून बनवलेत. पुन्हा सांगतो, बनवलेत. उद्या कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका की सरांनी सर्व्हे केला.

पंधरा वर्षं, २ चिठ्ठ्या. सोळा, ४. सतरा, ३. अठरा, १४. एकोणीस, ६. वीस, ८. एकवीस, ४. बावीस, ३. तेवीस, २. चोवीस, १. पंचवीस, २. सव्वीस, एकही नाही. सत्तावीस, १. झाल्या पन्नास.

सरासरी काढली तर १९.३६ येते. चिठ्ठ्या वयाच्या क्रमाने लावून मधली उचलली तर १९. सरासरी सांगणारा माणूस म्हणेल, वा, या समाजात मुलींची लग्नं एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी होतात, काळजीचं कारण नाही. तो खोटं बोलत नाहीये. पण त्या ९ चिठ्ठ्या कुठे गेल्या, ज्यांच्यावर पंधरा, सोळा, सतरा लिहिलंय? सरासरीत त्यांची भरपाई पंचवीस आणि सत्तावीसवाल्यांनी केली. एकीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं याची भरपाई दुसरीचं सत्ताविसाव्या वर्षी झाल्याने होते का? कागदावर होते.

आता मी हेच आकडे तीन तऱ्हांनी मांडतो. चिठ्ठी एकही बदलणार नाही.

पहिल्यांदा पाच-पाच वर्षांचे गट. १५ ते १९ मध्ये २९, २० ते २४ मध्ये १८, २५ ते २९ मध्ये ३. जिन्याच्या तीन पायऱ्या. अठराचा तो चौदा चिठ्ठ्यांचा खांब गायब झाला, पहिल्या पायरीत विरघळला.

दुसऱ्यांदा तीन-तीन वर्षांचे गट, पंधरापासून. १५ ते १७ मध्ये ९, १८ ते २० मध्ये २८, २१ ते २३ मध्ये ९, मग ३, मग १. मधे उंच डोंगर आणि दोन्ही बाजूंना सारखे उतार. कायद्याची रेघ नेमकी दोन खांबांच्या मधून जाते, त्यामुळे अठराच्या आतल्या ९ जणी स्वच्छ वेगळ्या दिसतात.

तिसऱ्यांदाही तीन-तीनच वर्षं, फक्त सुरुवात चौदापासून. १४ ते १६ मध्ये ६, १७ ते १९ मध्ये २३, २० ते २२ मध्ये १५, मग ५, मग १. बघा काय झालं. सतरा आणि अठरा एकाच खांबात कोंबले गेले. आता कुणी विचारलं की अठराच्या आत किती, तर या चित्रातून उत्तरच देता येत नाही. गट तितक्याच रुंदीचे, आकडे तेच, बेरीज तीच. सुरुवात एका वर्षाने सरकवली आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पुसला गेला.

कुणी मुद्दाम केलं असेलच असं नाही. बऱ्याचदा संगणकाचं सॉफ्टवेअर स्वतःच गट पाडतं आणि माणूस तेच छापतो. पण वाचणाऱ्याने आधी खालची आडवी रेषा वाचावी, खांब नंतर. गट कुठून सुरू होतो, किती रुंद आहे, आणि मला ज्या रेघेबद्दल विचारायचंय ती गटाच्या काठावर आहे की पोटात.

गणिताचा मास्तर असल्यामुळे एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्ग सलग करताना पुस्तक तुम्हाला खालून अर्धा वजा करायला आणि वर अर्धा मिळवायला सांगतं. उंची जवळच्या सेंटिमीटरपर्यंत मोजली असेल तर ते बरोबर. वयाला ते लागू नाही. आपण अठरा म्हणतो तेव्हा अठरा पूर्ण, एकोणीस अपूर्ण. म्हणजे अठराचा खांब १८ ते १९ असा उभा राहतो, साडेसतरा ते साडेअठरा असा नाही. परीक्षेत पुस्तकासारखंच लिहा, मार्क जातील. पण अठरा वर्षांच्या रेघेवर एखाद्या मुलीचं आयुष्य अवलंबून असतं तेव्हा हा अर्धा लक्षात ठेवा.

आता मूळ चित्रावर येऊ. एकेका वर्षाचे खांब. सोळाला ४, सतराला ३ आणि एकदम अठराला १४. हा खांब एवढा उंच का?

एक शक्यता: घरच्यांनी मुलगी अठराची होईपर्यंत वाट पाहिली आणि झाल्याबरोबर निकाह लावला. तसं असेल तर कायद्याने काम केलं. दुसरी शक्यता: लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी झालं, सांगताना अठरा सांगितलं. तसं असेल तर कायद्याने फक्त बोलणं बदललं. तिसरी: कुणालाच नक्की आठवत नाही आणि अठरा हा आकडा तोंडात बसलाय. बहुधा तिन्ही थोडी थोडी असतात. चित्रावरून ठरवता येईल का? थोडंफार येईल. सतराच्या खांबाकडे बघा. सोळाला ४ आणि एकोणीसला ६ असताना सतराला पाच-एक असायला हवे होते. तिथे ३ आहेत. उंच खांबाच्या अगदी शेजारी, रेघेच्या अलीकडे जर खड्डा दिसला तर संशय घ्यायला जागा असते की खड्ड्यातली माती उचलून शेजारी ढीग घातलाय. इथे खड्डा एक-दोन चिठ्ठ्यांचा आहे, पन्नास चिठ्ठ्यांत एवढं इकडेतिकडे होतंच, त्यामुळे मी यावर पैज लावणार नाही. पन्नास हजार चिठ्ठ्यांत हेच दिसलं असतं तर लावली असती.

ही काही माझी अक्कल नाही. बेल्जियमचे ॲडॉल्फ केतले यांनी १८४० च्या दशकात हेच केलं होतं. फ्रान्समध्ये सक्तीची सैन्यभरती होती आणि १.५७ मीटरपेक्षा बुटक्या तरुणांना माफी मिळायची. केतलेंनी सुमारे एक लाख तरुणांच्या उंचीची मांडणी केली. उंची निसर्गाने वाटलेली, तिचा डोंगर गुळगुळीत असायला हवा. पण माफीच्या रेघेच्या खाली अपेक्षेपेक्षा जास्त माणसं होती आणि रेघेच्या लगेच वर तितकीच कमी. सुमारे दोन हजार तरुण गुडघे वाकवून वाचले होते! त्यातला कोणता एक वाकला हे केतले सांगू शकत नव्हते, पण किती वाकले ते सांगू शकत होते.

आपल्या देशातलंही एक उदाहरण तुमच्या वयाचं आहे. २०१३ साली अमेरिकेत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने देशपातळीवरच्या एका परीक्षा मंडळाचे लाखो गुण एकत्र करून त्यांचा आलेख काढला. पासासाठी ३५ लागत होते. देशभरात ३२, ३३ आणि ३४ गुण कुणालाही नव्हते. इतकंच नाही, वरही मध्ये मध्ये कित्येक आकडे असे होते की ते एकाही मुलाला मिळालेले नव्हते. आलेख कंगव्यासारखा दिसत होता, दात तुटलेल्या कंगव्यासारखा. नापासाच्या काठावरचं मूल वर उचललं हे समजू शकतो, मी स्वतः उचललीत. पण वरच्या गाळलेल्या आकड्यांची चर्चा देशभर झाली. ती चर्चा एका आयतालेखाने घडवली.

आता परत आपल्या निकाहाच्या वयाकडे. मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने १९२९ साली १४ होतं, १९४९ मध्ये १५ झालं आणि १९७८ च्या दुरुस्तीने १८ झालं. (कोणता कायदा कुणाला लागू, यावर कोर्टात वेगवेगळे निकाल आलेत, तो विषय आज नको.) याचा आपल्या चित्राशी संबंध काय? तुमच्या नानीचं लग्न १९७८ च्या आधीचं असेल तर तिला अठरा सांगायचं कारणच नव्हतं. म्हणून घरी जाऊन दोन आलेख काढा. एक अम्मीच्या पिढीचा, एक नानी-दादीच्या पिढीचा. अठराचा मिनार फक्त अम्मीच्या आलेखात उभा राहिला तर समजा की तो कायद्याची सावली आहे. मग शाळेचा दाखला आणि निकाहनामा शेजारी ठेवून बघता येईल की सावलीत किती खरं आणि किती कागदी. हे काम बाहेरून आलेला माणूस करू शकणार नाही, त्याला कुणी पेटी उघडून कागद दाखवणार नाही. तुम्हाला दाखवतील.

देशाचे आकडेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २० ते २४ वयाच्या बायकांना विचारतं की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. २००५-०६ मध्ये हो म्हणणाऱ्या ४७.४ टक्के होत्या, २०१५-१६ मध्ये २६.८, आणि २०१९-२१ मध्ये २३.३. महाराष्ट्रात शेवटचा आकडा २१.९. मला एका मुलीने विचारलं होतं, सर, १५ ते १९ वयाच्या मुलींना का विचारत नाहीत, ताजी माहिती मिळेल की. उत्तम प्रश्न. पण सोळा वर्षांची मुलगी आज नाही म्हणेल आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न होईल. तिची गोष्ट अजून संपलेली नाही. अर्धी गोष्ट मोजली तर आकडा उगाच चांगला दिसतो. म्हणून जिची अठरावी रेघ मागे पडलीय तिलाच विचारतात.

दहा वर्षांत सत्तेचाळीसवरून सत्तावीस आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत फक्त साडेतीनने कमी. वेग मंदावलाय. जे उरलेत ते अवघड घरांत उरलेत.

आता वयाचा मोठा आलेख. जनगणनेचा तक्ता सी-१३ इंटरनेटवर मोफत मिळतो, त्यात एकेका वर्षाच्या वयाची लोकसंख्या असते. त्याचे खांब उभे करा आणि हसून घ्या. ३०, ३५, ४०, ४५, ५०, ६० यांवर मिनार आणि शेजारी २९, ३१, ३९, ४१ यांवर खड्डे. चाळिशीच्या आसपासचा प्रत्येक माणूस चाळीस सांगतो. १ जूनचा भाऊ आहे हा. याला मोजायलाही एक माप आहे, व्हिपल नावाच्या अमेरिकन माणसाचं. २३ ते ६२ वयाची माणसं घ्यायची, त्यातली शून्य आणि पाचवर संपणारी वयं किती ते बघायचं, एकूण संख्येच्या पाचव्या हिश्शाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. सगळ्यांनी खरं वय सांगितलं तर १०० च्या आसपास येतं. सगळ्यांनीच शून्य-पाच सांगितलं तर ५००. संयुक्त राष्ट्रांच्या मोजमापात १०५ च्या आत उत्तम आणि १७५ च्या वर फारच कच्चं. तुमच्या मोहल्ल्याचं काढून बघा, एका संध्याकाळचं काम आहे.

म्हणूनच लोकसंख्येचे तज्ज्ञ पाच-पाच वर्षांचे गट करतात. मघाशी मी रुंद गटांवर टीका केली आणि आता त्यांची बाजू घेतोय, असं म्हणाल. दोन्ही खरं आहे. माहितीच खडबडीत असेल तर रुंद गट तिला गुळगुळीत करतात आणि खरा आकार वर येतो. अरुंद गटात माणसांच्या सवयी दिसतात. काय शोधताय त्यावर रुंदी ठरते.

२०११ च्या जनगणनेतले पाच वर्षांचे खांब ऐका. १० ते १४ वयाची मुलं १३.२७ कोटी. ५ ते ९ वयाची १२.६९ कोटी. ० ते ४ वयाची ११.२८ कोटी. खाली येताना खांब आखूड होत चाललेत. लोकसंख्या वाढत असलेल्या देशाच्या चित्रात पाया सगळ्यात रुंद असायला हवा अशी आपली समजूत. इथे पाया आक्रसलाय. जन्म कमी होऊ लागलेत. एक सावधगिरी: तान्ही मुलं मोजणीत हमखास सुटतात, कुटुंबात किती माणसं विचारलं की लोक मांडीवरचं मूल धरत नाहीत. त्यामुळे शेवटच्या खांबाची थोडी उंची त्यात गेली असेल. पण सर्वेक्षणंही तेच सांगतात.

आणि इथे आपल्याबद्दल जे रोज ऐकवलं जातं त्याकडे येतो. तुम्ही कॉलेजात जाता, कुणीतरी म्हणतं, तुमच्यात फार मुलं होतात. चिडू नका आणि खाली मानही घालू नका. आकडा सांगा. १९९२-९३ च्या सर्वेक्षणात मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.४. हिंदू बाईमागे ३.३ होती, ती १.९ झाली. आपला आकडा अजूनही जास्त आहे, हे लपवायचं नाही. पण पडण्याचा वेग आपला जास्त आहे, आणि दोघांतलं अंतर १.१ वरून साधारण अर्ध्यावर आलंय. ज्याला पडताळायचं असेल त्याने जनगणनेचा सी-१५ तक्ता काढावा. त्यात धर्मानुसार वयोगट आहेत. दोन्ही समाजांचे खांब शेजारी शेजारी काढा, पण संख्येचे नको, टक्क्यांचे काढा. ऐंशी टक्के लोकांचे खांब आणि चौदा टक्के लोकांचे खांब एकाच मापात काढले तर आकाराची तुलनाच होत नाही, फक्त कोण मोठा ते कळतं आणि ते आधीच माहीत असतं.

एक फसवणूक राहिली. मला एकदा मोबाइलवर तीन खांबांचं चित्र आलं. ० ते १४, १५ ते ५९, ६० आणि पुढे. मधला खांब भला मोठा आणि खाली लिहिलेलं की भारतात मुलं थोडी, कमावते दुप्पट. २०११ चे आकडे बरोबर होते: सुमारे ३७.२ कोटी, ७३ कोटी आणि १०.४ कोटी. पण पहिल्या गटात पंधरा वर्षं मावतात आणि मधल्यात पंचेचाळीस. तिप्पट मोठी टोपली, तिच्यात आंबे जास्त असणारच. आयतालेखात उंची मोजायची नसते, क्षेत्रफळ मोजायचं असतं. ३७.२ ला १५ ने भागा, दरवर्षी जवळपास २.५ कोटी. ७३ ला ४५ ने भागा, दरवर्षी १.६ कोटी. म्हणजे बरोबर काढलं तर मुलांचा खांब उंच आणि कमावत्यांचा बुटका पण लांबरुंद. ज्याने चित्र पाठवलं त्याला मी हे लिहून कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला तेव्हा आम्ही त्यातला साक्षरतेचा आकडा पाठ केला होता: मुस्लिम ५९.१ टक्के, देश सुमारे ६५. भाषणांत वापरून वापरून गुळगुळीत केला. मला त्याचं जरा वाईट वाटतं. टक्का हा एकच आकडा असतो, त्यात आकार नसतो. समजा एखाद्या मोहल्ल्यातल्या तरुणांच्या शिक्षणाची सरासरी दहा वर्षं निघाली. म्हणून तुम्ही दहावीनंतरच्या मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवला आणि कुणी आलंच नाही. खांब काढून बघितले असते तर दिसलं असतं की सातवीला गॅरेज किंवा यंत्रमाग धरलेल्यांचा एक डोंगर आहे, पदवीवाल्यांचा दुसरा आहे आणि दहावर मधे दरी. सरासरी त्या दरीत उभी होती. तिथे माणूसच नव्हता. दोन डोंगर दिसले की समजायचं, ही दोन वेगळ्या लोकांची गोष्ट एकात मिसळली आहे. वेगळी काढा. मुलगे आणि मुली, भाड्याचं घर आणि स्वतःचं, उर्दू माध्यम आणि मराठी माध्यम, जे काही असेल ते. कुठली विभागणी केल्यावर दोन डोंगर वेगळे होतात ते शोधायचं, तिथे कारण सापडण्याची शक्यता असते.

पुढची जनगणना २०२७ ची आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. तुमच्या घरी माणूस येईल. तुमच्यापैकी कुणी ते कामही कराल. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचं खरं वय सांगा आणि मांडीवरचं मूल विसरू नका. अंगणवाडी किती मुलांची हवी, हे असल्याच खांबांवरून ठरतं. फूफी साठीची आहे म्हणून सांगितलं आणि ती बासष्टची निघाली तर फार बिघडत नाही. पण सगळ्यांनीच असं साठ सांगितलं तर खांब चुकतात.

आणि म्हाताऱ्या माणसाला वय विचारायची एक पद्धत आहे. 'वय किती' असं विचारायचं नाही, तो साठच सांगणार. विचारायचं, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडीच्या कामावर होता का, की शाळेत होता? किल्लारीचा भूकंप झाला, सप्टेंबर १९९३, तेव्हा तुमचं थोरलं पोरगं केवढं होतं? माणूस डोळे मिटतो आणि बरोबर सांगतो.

मी हे अम्मीवर करून बघितलं होतं, ती होती तेव्हा. म्हटलं, अम्मी, मी १ जूनला जन्मलो नाही ना? ती म्हणाली, कसला जून, तू बकरी ईदनंतर चौथ्या दिवशी झालास, घरात अजून गोश्त वाळत घातलेलं होतं. मी लगेच हिशेब मांडला. १९६४ ची बकरी ईद एप्रिलमध्ये होती. म्हणजे माझा वाढदिवस एप्रिलमधला. मग वाटलं, सालही गुरुजींनीच लिहिलेलं. १९६३ ला ती ईद मेच्या सुरुवातीला आली होती, १९६२ ला मेच्या मध्याला. तिला विचारलं, अम्मी, साल कोणतं? ती बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, त्या वर्षी आपल्या दारातल्या झाडाला आंबा फार लागला होता.